‘ओव्हर’ आधी की नंतर, हे पहिल्यांदा बघा

मिरजेतल्या एका पतसंस्थेत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वर्षं पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेली. आता संध्याकाळी घराच्या पडवीत मुलंमुली इंग्रजी शिकायला येतात. कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतंय, कुणी नर्सिंगला आहे, कुणाला पुण्यात नोकरी लागलीय आणि तिथं ईमेल लिहावे लागणार म्हणून धास्ती वाटतेय. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यापुढे काळ, वचन वगैरे काही काढत नाही. एकच शब्द काढते, ‘ओव्हर’. तो शब्द सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटत असतं. मलाही वाटत होतं.

१९९६ साली आमच्या संस्थेनं एका मोठ्या बँकेकडे कर्जमर्यादा वाढवून मागितली होती. सोबत तीन वर्षांचे ताळेबंद जोडायचे होते. पत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘काइंडली ओव्हरलुक द एन्क्लोज्ड स्टेटमेंट्स’. लुक म्हणजे बघणे, ओव्हर म्हणजे वरून; सोबतच्या पत्रकांवरून नजर टाकावी, असं माझ्या मनात होतं. आठ दिवसांनी पत्र परत आलं. ‘ओव्हरलुक’भोवती लाल शाईचं वर्तुळ आणि समासात प्रश्नचिन्ह. मी लिहिलं होतं त्याचा अर्थ होत होता, ‘सोबतच्या पत्रकांकडे कृपया दुर्लक्ष करावे’. कर्ज मागणाऱ्या संस्थेनंच ‘आमच्या ताळेबंदाकडे बघू नका’ म्हटल्यावर समोरच्याला शंका येणारच. सचिव मला एक शब्द बोलले नाहीत, पण नवं पत्र त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं. ते मला फार लागलं.

त्या रात्री मी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या. ‘लुक ओव्हर’, नजर टाकणे, वाचून बघणे. ‘ओव्हरलुक’, नजरेतून सुटणे किंवा मुद्दाम कानाडोळा करणे. ती वही अजून चालू आहे आणि मी इथे सांगतेय ते बरंचसं तिच्यातलंच आहे.

उपसर्ग ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द शाळेत सगळ्यांनी शिकलेले असतात. ‘हार’ तोच, पण आधी काय लागलं त्यावर जेवण होतं, फिरणं होतं, नाहीतर थेट नाश होतो. इंग्रजीतला घोळ एवढाच की आपले ‘प्र’ आणि ‘सम्’ एकटे फिरत नाहीत आणि ‘ओव्हर’ मात्र एकटाही फिरतो. तो क्रियापदाच्या आधी चिकटला तर एक अर्थ, नंतर सुटा आला तर भलताच. म्हणून नवा शब्द दिसला की पहिलं काम हे: ओव्हर आधी आहे की नंतर आहे ते बघायचं. अर्थ त्यानंतर.

‘ओव्हरटेक’ घ्या. गळिताच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यामागं अडकलेला प्रत्येक दुचाकीवाला ओव्हरटेक करायची संधी शोधत असतो. म्हणजे मागं टाकणे. आता ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताब्यात घेणे, कारभार हाती घेणे. तोटयात गेलेला कारखाना एखादी कंपनी टेक ओव्हर करते. माझ्याकडच्या एका मुलानं नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आय ओव्हरटुक द चार्ज ऑफ द ब्रँच’. शाखेचा कार्यभार त्यानं रस्त्यावर मागं टाकला, असं ते झालं! तिथं ‘आय टुक ओव्हर चार्ज ऑफ द ब्रँच’ हवं. हीच चूक मी निदान वीस अर्जांत दुरुस्त केली असेल, म्हणून ही जोडी तुम्ही आजच पाठ करून टाका.

‘टर्नओव्हर’ म्हणजे धंद्यातली उलाढाल. वर्षाला किती रुपयांची विक्री झाली तो आकडा. ‘ओव्हरटर्न’ म्हणजे उलटणे. घाटात ट्रक ओव्हरटर्न होतो. वरच्या न्यायालयानं खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवला तर तोही ओव्हरटर्न होतो. ‘कम ओव्हर’ म्हणजे आमच्याकडं या, घरी या. ‘ओव्हरकम’ म्हणजे मात करणे, आजारावर, भीतीवर, अडचणीवर. मात ‘वर’ करतात म्हणून आपली मुलं ‘ओव्हरकम ऑन द प्रॉब्लेम’ लिहितात. तो ‘ऑन’ काढून टाका, ‘ओव्हर’मध्येच तो ‘वर’ आलेला आहे. ‘शी ओव्हरकेम हर फिअर’, एवढंच. आत्याकडं रात्री मुक्कामाला राहिलात तर ‘स्लेप्ट ओव्हर’, आणि सकाळी जाग न येऊन पहिली एसटी चुकली तर ‘ओव्हरस्लेप्ट’. कामावर उशिरा पोचल्यावर साहेबांना यातलं नेमकं कुठलं सांगायचं, ते नीट ठरवून सांगा.

आधी की नंतर हे कळलं की अर्थाकडं वळायचं. त्यासाठी मी मुलांना कोश उघडू देत नाही. ओव्हरच्या जागी मराठीतला कुठला शब्द बसतो ते आधी करून बघायला सांगते: वर, पलीकडे, अति, की अधि. बहुतेक शब्द या चारांत बसतात.

‘वर’ सगळ्यात सोपा. ओव्हरकोट कपड्यांवर घालायचा, ओव्हरब्रिज रुळांवरून जाणारा पूल, ओव्हरहेड टाकी डोक्यावरची. लोकल बंद पडते तेव्हा ‘ओव्हरहेड वायर तुटली’ अशी घोषणा होते, ती २५,००० व्होल्टची तार गाडीच्या टपावर असते. शिंपी कापडाची कड उसवू नये म्हणून ओव्हरलॉक मारतो, तिथं धागा कडेवरून गुंडाळला जातो. ‘ओव्हरलॅप’ समजायला कौलारू घराकडं बघा. खालच्या कौलाच्या कडेवर वरचं कौल थोडं चढवलेलं असतं, नाहीतर पाणी आत येईल. तेवढा चढवलेला भाग म्हणजे ओव्हरलॅप. दोन परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या की ‘द डेट्स ओव्हरलॅप’ म्हणायचं, ते याच कौलांसारखं. हिशेबात ‘ओव्हरहेड्स’ म्हणजे भाडं, वीजबिल, फोन असला वरखर्च. बघा, आपणही वरखर्चच म्हणतो.

‘पलीकडे’मध्ये ओव्हरफ्लो येतो. पावसाळ्यात धरण ओव्हरफ्लो झाल्याची बातमी येते, पाणी सांडव्यावरून पलीकडं जातं. ‘ओव्हरसीज’ म्हणजे समुद्रापलीकडे, परदेशी. याला शेवटी एस हवाच. नर्सिंगच्या मुली अर्जात ‘ओव्हरसी जॉब’ लिहितात, आणि एस गाळलेला ‘ओव्हरसी’ वाचणाऱ्याला ‘देखरेख करणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दासारखा ऐकू येतो. दोघांचं स्पेलिंगही वेगळं आहे. देखरेखीत शेवटी दोन ई, समुद्रात ई-ए.

‘अति’ हा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सढळ. ओव्हरलोड, ओव्हरडोस, ओव्हरवेट, ओव्हरचार्ज, ओव्हररिॲक्ट, ओव्हरकॉन्फिडन्ट. आपल्याकडं अतिवृष्टी आहे, अतिक्रमण आहे, आणि ‘अति तिथे माती’ तर घरोघरी आहे. या गटातला शब्द वापरलात की बहुतेक वेळा तक्रारीचा सूर लागतोच. दुकानदाराला ‘ओव्हरप्राइस्ड’ म्हणालात तर महाग एवढंच त्यात येत नाही, वाजवीपेक्षा महाग असं येतं. ‘ओव्हरजॉइड’ एक अपवाद. ‘आय ॲम ओव्हरजॉइड’ म्हटलं की आनंद पोटात मावत नाही, त्यात दूषण नाही. ‘ओव्हरटाइम’लाही दूषण नाही, ते ठरल्या वेळेच्या पलीकडचं काम. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात दिवसाला ९ तासांच्या किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दरानं पगार लिहिलेला होता. वाक्यात ‘टू डू ओव्हरटाइम’ किंवा ‘टू वर्क ओव्हरटाइम’ म्हणतात. ‘ओव्हरटाइम ड्यूटी केली’ हे आपलं बोलणं मराठीत ठीक आहे, इंग्रजीत तसं लिहू नका.

चौथा ‘अधि’, आणि हा मला सगळ्यात आवडतो. ओव्हरसी म्हणजे देखरेख करणे. सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्वी ‘ओव्हरसियर’ असं पदच होतं. जुनी माणसं अजूनही रस्त्याच्या कामावरच्या अभियंत्याला ओव्हरसियरच म्हणतात. आता आपला ‘अधीक्षक’ सोडवून बघा. अधि म्हणजे वर, ईक्षक म्हणजे बघणारा. वरून बघणारा. आणि ‘सुपरवायझर’ लॅटिनमधून आलेला, त्यातही सुपर म्हणजे वर आणि पुढचा भाग बघणे या धातूचा. तीन भाषांनी आपापल्या घरच्या सामानातून एकच माणूस उभा केला. हे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते तेव्हा मुलं काही वेळ गप्प बसून बघत राहतात. त्यानंतर ओव्हररूल, ओव्हरपॉवर, ओव्हरथ्रो हे शब्द त्यांना वेगळे शिकवावे लागत नाहीत. वरच्यानं खालच्याचं म्हणणं बाजूला सारलं तर ओव्हररूल, बळानं दाबलं तर ओव्हरपॉवर, खालच्यांनी वरच्याला गादीवरून खाली खेचलं तर ओव्हरथ्रो.

या चारांत न बसणारे काही आहेतच. ‘ओव्हरनाइट’मध्ये रात्रभर असा अर्थ आहे आणि एका रात्रीत, अचानक असाही. ‘ओव्हरहॉल’ खलाशांचा शब्द. जहाजावरचे दोर उलटे ओढून, सैल करून तपासायचे, त्यावरून यंत्र सगळं उघडून दुरुस्त करणे असा अर्थ आला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिन ओव्हरहॉलिंगला जातं तेच हे. क्रिकेटमधली ओव्हर उपसर्गच नाही, तो सुटा शब्द आहे. मराठी वर्तमानपत्रांनी तिला ‘षटक’ म्हणून सहा चेंडूंत बांधून टाकलं, पण ऑस्ट्रेलियात १९७९ सालापर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती.

आता ज्या शब्दानं मला सगळ्यात जास्त वेळ घेतला तो. ‘ओव्हरसाइट’. याला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक, देखरेख. दोन, नजरचूक. म्हणजे ज्याचं काम बघणं त्याचाही ओव्हरसाइट, आणि त्याच्याकडून बघायचं राहिलं तर तोही ओव्हरसाइट! कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ओव्हरसी म्हणजे वरून लक्ष ठेवणे आणि ओव्हरलुक म्हणजे नजर वरून निसटून जाणे, या दोन्ही क्रियापदांचं काम या एकाच नामाला करावं लागतं. ओळखायची खूण सांगते. आधी ‘ॲन’ असेल किंवा अनेकवचन असेल तर बहुधा चूक. ‘इट वॉज ॲन ओव्हरसाइट’, ती नजरचूक होती. ‘ॲन’ नसेल आणि मागंपुढं समिती, मंडळ, अधिकारी असा कुणी असेल तर देखरेख. ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ द कमिटी’, समितीच्या देखरेखीखाली.

दिलगिरीचं पत्र लिहायचं असेल तर ‘ड्यू टू ॲन ओव्हरसाइट ऑन अवर पार्ट, द रिसीट वॉज नॉट सेंट’ हे वाक्य उतरवून ठेवा. आमच्याकडून नजरचुकीनं पावती पाठवायची राहिली. यात अदब आहे आणि चुकीची कबुलीही आहे. पण हा शब्द फक्त राहून गेलेल्या गोष्टीला वापरायचा. चुकीची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली, तर ती केलेली चूक. तिथं सरळ ‘एरर’ किंवा ‘मिस्टेक’ लिहा. राहून जाणं आणि चुकीचं करणं यातला फरक पैसे गेलेल्या माणसाला बरोबर कळतो.

दुसरा आवडता शब्द ‘ओव्हरहिअर’. कोशात ‘चोरून ऐकणे’ असा अर्थ काही ठिकाणी दिलेला दिसतो आणि तो मला पटत नाही. चोरून ऐकायला ‘ईव्ह्जड्रॉप’ हा वेगळा शब्द आहे, त्यात हेतू आहे. ओव्हरहिअरमध्ये बहुतेक वेळा हेतू नसतो. आपण तिथं असतो आणि बोलणं आपल्यासाठी नसताना कानावर पडतं. कानावर पडणे! यापेक्षा चांगला प्रतिशब्द मला ३० वर्षांत सापडलेला नाही, आणि त्यातला ‘वर’सुद्धा आयता आहे. नर्सिंगच्या मुलींना हे मी आवर्जून सांगते. वॉर्डात डॉक्टरांचं आपसातलं बोलणं कानावर पडलं तर ‘आय ओव्हरहर्ड’ म्हणायचं. रुग्णानं तुम्हालाच काही सांगितलं आणि तुम्ही ते ऐकलं, तर तिथं ‘ओव्हरहर्ड’ चालत नाही.

बँकेच्या परीक्षेवाल्यांनी दोन शब्द वेगळे काढून ठेवा. ‘ओव्हरड्राफ्ट’ म्हणजे खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त रक्कम काढायची बँकेनं दिलेली सवलत. १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनं एडिंबरोच्या एका व्यापाऱ्याला त्याच्या शिलकीपेक्षा १,००० पौंड जास्त काढू दिले, तिथून ही पद्धत सुरू झाली असं सांगितलं जातं. आपल्याकडं जनधन खात्यावर पात्र खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. ‘ओव्हरड्यू’ म्हणजे देय तारीख उलटून गेलेलं, पतसंस्थेच्या भाषेत थकबाकी. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरड्यू राहिलं की ते खातं अनुत्पादक ठरतं. वाक्यात किती दिवस ते ‘बाय’नं सांगतात, ‘द इन्स्टॉलमेंट इज ओव्हरड्यू बाय टेन डेज’. याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी यू-ई. शेवटी फक्त ओ आला तर तो ‘ओव्हरडू’, म्हणजे अति करणे. थकबाकीच्या नोटिशीत ही गफलत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर दोन आरचं सांगते. पुढच्या शब्दाची सुरुवात आरनं होत असेल तर दोन्ही आर लिहायचे: ओव्हररूल, ओव्हररिॲक्ट, ओव्हरराइड, ओव्हररन. एक गाळला तर कधीकधी वेगळाच शब्द उभा राहतो. ‘ओव्हररेट’ म्हणजे फाजील महत्त्व देणे. त्यातला एक आर काढा, राहिला ‘ओव्हरएट’, म्हणजे जास्त जेवलो.

उच्चारासाठी आम्ही पडवीतल्या लाकडी बाकावर बोटानं ठोका देतो. नाम असेल तर बहुतेक वेळा ठोका पहिल्या ‘ओ’वर: ओव्हरकोट, ओव्हरटाइम, ओव्हरड्राफ्ट. क्रियापद असेल तर मागच्या भागावर: ओव्हरटेक म्हणताना टेकवर, ओव्हरकम म्हणताना कमवर. ‘ओव्हरफ्लो’ नामही आहे आणि क्रियापदही. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला ठोका ‘ओ’वर, टाकी ओव्हरफ्लो होतेय म्हणताना फ्लोवर. मराठीत आपण सगळीकडं जवळजवळ सारखाच जोर देतो, त्यामुळं हे कानाला पटकन लागत नाही. दहा शब्द ठोका देऊन मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात म्हणून हे जमत नाही.

ओव्हरच्या जागी ‘अंडर’ घातलं की उलट अर्थ, असं धरून चालू नका. अति गटात ते बरंचसं खरं आहे: ओव्हरवेट-अंडरवेट, ओव्हरपेड-अंडरपेड, ओव्हरएस्टिमेट-अंडरएस्टिमेट. पण ‘अंडरटेक’ म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे, त्याचा ओव्हरटेकशी काही संबंध नाही. प्रवेशअर्जासोबत जे हमीपत्र देता ते ‘अंडरटेकिंग’ यावरूनच. आणि ‘ओव्हर्ट’ व ‘ओव्हर्चर’ हे दोन शब्द दिसले तर फसू नका. त्यात ओव्हर नाहीच. दोन्ही उघडणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आलेले. ओव्हर्ट म्हणजे उघड, उघडउघड.

वही कशी ठेवायची ते सांगते. डाव्या पानावर ओव्हर आधी येणारा शब्द, उजव्या पानावर त्याचीच उलटी जोडी, असेल तर. नसेल तर उजवं पान कोरं ठेवा, वर्ष-दोन वर्षांत कुठंतरी भेटते. प्रत्येक शब्दाखाली मराठी प्रतिशब्द एकच, पण नेमका. आणि एक वाक्य, जे तुमच्या स्वतःच्या दिवसातलं असलंच पाहिजे. कोशातलं वाक्य उतरवलं तर मी त्यावर काट मारते. रोज एकच शब्द करायचा; ज्यांनी एका दिवसात वीस केले त्यांना आठवड्यानं त्यातले दोनसुद्धा सांगता आले नाहीत.

मागच्या गुरुवारी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रात्रपाळी करून, थोडी झोप काढून आली होती. वहीतलं वाक्य तिनं उभं राहून वाचलं, ‘सिस्टर आस्क्ड मी टू लुक ओव्हर द चार्ट अगेन, बिकॉज वन डोस हॅड बीन ओव्हरलुक्ड’. सिस्टरनी तक्ता पुन्हा नीट बघायला सांगितला, कारण एक डोस नजरेतून सुटला होता. दोन्ही जागा बरोबर होत्या. ‘ओव्हरलुक्ड’ म्हणताना ठोका तेवढा ‘लुक’ऐवजी ‘ओ’वर पडला होता, तो शब्द तिच्याकडून बाकावर बोट आपटत पाच वेळा म्हणून घेतला.